घरातली दुसरी प्रत: रुमालापासून सर्व्हरपर्यंत

घरातल्या किंवा छोट्या कचेरीतल्या सगळ्या संगणकांच्या फायलींची दुसरी प्रत आपोआप करून ठेवणारा स्वतंत्र संगणक म्हणजे घरगुती साठवण सर्व्हर. त्याला पडदा लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. कोपऱ्यातल्या कपाटावर तो रात्रंदिवस चालू असतो आणि बहुतेक वेळा त्याची आठवणही कुणाला होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले अमडापूर हे बल्लाळदेवीच्या देवस्थानामुळे माहीत असलेले, चिखली–खामगाव रस्त्यावरचे, घाटावरचे गाव. अशा गावात या पेटीची गरज प्रथम भासते ती फोटो स्टुडिओला, ऑनलाइन सेवा केंद्राला, शाळेच्या कार्यालयाला आणि हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या दुकानदाराला. यंत्र नवे असले तरी दुसरी प्रत करून ती दुसरीकडे ठेवण्याचा रिवाज या मुलखात जुना आहे, आणि तो मोडला की काय होते याचे दाखलेही इथलेच आहेत.

त्यातला सर्वांत जुना दाखला महानुभाव पंथाचा. चक्रधरस्वामींचा मुक्काम अमडापूरच्या दक्षिणेला असलेल्या मेहकर आणि लोणार या दोन्ही ठिकाणी झाल्याचे ‘लीळाचरित्र’ सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना विचारून या आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ग्रंथ सिद्ध केला. पुढे मुसलमानी फौजांच्या धामधुमीत, पंथाच्या परंपरेत जिला ‘खालशाची धाड’ म्हणतात तिच्यात, मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो पाठांतरामुळे. हिराइसेसारख्या शिष्यांनी तो तोंडपाठ केलेला होता. त्यांच्या आणि इतरांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. मात्र प्रत्येकाच्या स्मरणात थोडा फरक होता, त्यामुळे एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले. कोणता पाठ मुळाशी जवळ हे ठरवायला विसाव्या शतकातल्या संशोधकांना अनेक पोथ्या समोर ठेवाव्या लागल्या. ते काम करून 1978 साली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती काढणारे वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यातल्या मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे.

धाडीनंतर पंथाने पोथ्यांच्या नकला करून त्या वेगवेगळ्या मठांत ठेवण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्या परक्याच्या हाती पडल्या तरी कळू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून सकळ लिपी व तिच्यासारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहायचे, एवढाच सकळ लिपीचा मूळ विचार. पण किल्ली माहीत नसणाऱ्याला पोथी निरर्थक दिसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी तिचा उलगडा जाहीर करेपर्यंत मराठी गद्याचा हा ठेवा पंथाबाहेरच्या वाचकांना जवळजवळ अज्ञात राहिला. संकेताने पोथी राखली आणि लपवलीही.

राजदरबारी दप्तराची रीत वेगळी होती. वतनाच्या किंवा इनामाच्या जुन्या पत्रांत शेवटी एक ठरावीक मजकूर येतो: गावच्या मोकदमाने आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांनी या पत्राची तालिक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी वतनदाराच्या हाती परत द्यावे. म्हणजे एकाच हक्काचा कागद सरकारी दप्तरात, परगण्याच्या दप्तरात, गावात आणि खुद्द वतनदाराच्या घरी असा किमान चार ठिकाणी असे. या व्यवस्थेमागे कागदाची काळजी होती त्याहून जास्त भांडणाची भीती होती. भाऊबंदकीत एकाने खोटा कागद आणला तर दुसरीकडची नक्कल काढून तो पडताळता येई. पण तिचा फायदा इतिहासालाच सर्वांत मोठा झाला. 1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि शिवकालीन राजदप्तर गेले. त्या काळाबद्दल आज कागदोपत्री जे काही सांगता येते, त्यातला मोठा भाग देशमुख, देशपांडे, कुलकर्णी आणि इनामदार यांच्या घरच्या कागदांतून आलेला आहे. राजवाडे 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापत गेले ते मुख्यतः अशाच घरांच्या माळ्यांवर चढून. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तरही असेच पुण्याबाहेर राहिलेले.

घरचे दप्तर म्हणजे कापडी रुमाल. लांब पट्टीसारखे कागद एकाखाली एक चिकटवलेले, घड्या घातलेले, वर्षावार किंवा गाववार बांधलेले, आणि सगळ्यांना मिळून चौकोनी कापडाची गाठ. शत्रू दोन: ओल आणि वाळवी. रुमाल कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवत आणि अधूनमधून उन्हात उलगडत. उलगडायचे विसरले तर गाठ जशीच्या तशी राहून आतला कागद पोकळ झालेला सापडे. बाहेरून शाबूत दिसणारी प्रत आतून गेलेली असणे ही अडचण कागदाबरोबर संपली नाही. तिच्याकडे पुढे यावेच लागेल.

वऱ्हाडात आणखी एक गुंतागुंत होती. अठराव्या शतकात हा मुलूख दोअमली होता: निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल शेजारी शेजारी चाले, एकाच गावचा वसूल दोघांत वाटला जाई आणि हिशेबही दोघांचे वेगळे लिहिले जात. रयतेच्या दृष्टीने हा जाचच होता. 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वाटा संपला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. धनी बदलत गेला तशी दप्तराची राजधानीही हैदराबाद, नागपूर, मुंबई अशी बदलली. घाटावरच्या एखाद्या गावचा जुना इतिहास शोधणाऱ्याला म्हणूनच तीन शहरांच्या वाऱ्या चुकत नाहीत.

इंग्रजी अमलात 1860 च्या दशकात मुंबई पद्धतीची मोजणी आणि जमाबंदी झाली, आणि दुसऱ्या प्रतीला कायम जागा मिळाली. पटवाऱ्याचे दप्तर गावात, आणि त्यावरून तयार झालेली पत्रके तहसिलीत. जन्ममृत्यूच्या नोंदीचेही तसेच. कोतवालाने खबर आणायची, गावच्या वहीत नोंद व्हायची, आणि तिचा उतारा वर जायचा. या नोंदींत जन्मलेल्याचे, बापाचे आणि जातीचे नाव असे. विदर्भात ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हा शब्द आजही घरोघर माहीत आहे तो जात पडताळणीमुळे. पणजोबाच्या जन्माची एक ओळ तहसिलीच्या अभिलेख कक्षात सापडली तर पणतूचा प्रवेश पक्का होतो. सापडली नाही तर वर्ष जाते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा राज्यभर ही जुनी दप्तरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि कागद स्कॅन होऊ लागले. शंभर-सव्वाशे वर्षे न उघडलेल्या प्रतीचे मोल असे एकदम कळते.

टंकलेखन यंत्राबरोबर कार्बन कागद आला आणि एका बैठकीत दोन-तीन प्रती निघू लागल्या. सोय झाली, पण सवय बिघडली: अस्सल आणि कार्बन प्रत एकाच फायलीत, एकाच कपाटात राहू लागल्या. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून वरचे मजले जळाले, माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या फायली राख झाल्या. ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणाच्या कागदांचे काय, असा प्रश्न लगेच निघाला. ते आधीच आपल्या ताब्यात असल्याने सुरक्षित आहेत, असे सीबीआयने सांगितले. तपासासाठी इमारतीबाहेर गेलेला कागद वाचला, तोही बाहेर गेला म्हणून.

संगणक तालुक्याच्या आणि मोठ्या खेड्यांच्या बाजारपेठांत पोचला तो प्रामुख्याने लग्नपत्रिकेच्या आणि हिशेबाच्या कामासाठी. डीटीपीचे दुकान, पतसंस्था, कृषी केंद्र, मग फोटो स्टुडिओ. 2001 मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने शिकलेली मुले तयार केली आणि 2011 नंतर ‘संग्राम’ योजनेने ग्रामपंचायतीत संगणक नेला. दुसरी प्रत आधी 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर, नंतर सीडीवर. दोन्ही माध्यमे धुळीला आणि उन्हाला कच्ची. त्यात 2005 नंतरची काही वर्षे भारनियमनाची. ग्रामीण भागात दिवसातून दहा-बारा तास वीज नसे, आणि लिहीत असताना वीज गेली की हार्ड डिस्कवरची फाइल अर्धवट राहे. जुन्या स्टुडिओंतून लग्नांच्या सीडींचे गठ्ठे अजून निघतात. त्यातल्या बऱ्याच वाचता येत नाहीत.

मराठी मजकुराचे दुखणे याहून निराळे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवत. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर नुसती निरर्थक अक्षरांची ओळ दिसते. प्रत शाबूत, डिस्क शाबूत, मजकूर मात्र हरवलेला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण छापखान्यांचे आणि कचेऱ्यांचे काम तिच्यावर यायला पुढे पंधरा-वीस वर्षे गेली. म्हणून त्या काळातल्या फायली जपायच्या तर त्यांच्याबरोबर फॉन्टही जपावा लागतो, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून एक जास्तीची प्रत ठेवावी लागते. बाहेरच्या देशांत लिहिलेल्या मार्गदर्शकांत ही गोष्ट नसते, कारण तिथल्या लेखकांवर ती वेळ आली नाही.

घरी सर्व्हर बसवण्याची कल्पना पश्चिमेकडून आली, आणि ती तुकड्यातुकड्यांनी जमली. सन कंपनीने 1984 मध्ये एनएफएस आणले. त्यामुळे एका संगणकावरची डिस्क दुसऱ्याला आपलीच असल्यासारखी वापरता येऊ लागली. 1988 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, म्हणजे एखादी गेली तरी काम थांबत नाही. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने 1992 च्या सुमारास सांबाची सुरुवात केली आणि विंडोजच्या संगणकांना लिनक्सच्या पेटीवर फायली ठेवता येऊ लागल्या. त्यानेच 1996 मध्ये पॉल मॅकेरास यांच्यासह आरसिंक लिहिले. आरसिंक फायलीतला बदललेला भागच पाठवते. संथ जोडणीवर हाच फरक मोलाचा ठरतो. 2005 मध्ये फ्रान्समधल्या ओलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीनॅस काढले आणि जुना संगणक कुणालाही फुकटात सर्व्हर करता येऊ लागला. त्याच कामाचे ओपनमीडियाव्हॉल्ट 2011 चे, छोट्या बोर्डावरचा संगणक रास्पबेरी पाय 2012 चा.

मायक्रोसॉफ्टचे विंडोज होम सर्व्हर 2007 चे. त्याची कथा या क्षेत्रात बोधप्रद मानली जाते: एकाहून जास्त डिस्क असलेल्या पेटीत ठेवलेल्या काही फायली, थेट तिथेच उघडून बदलल्या की, खराब होत. जपण्यासाठी घेतलेल्या पेटीचा हा दोष दुरुस्त व्हायला 2008 चा मध्य उजाडला.

खेड्यात मात्र या सगळ्याची चर्चाच झाली नाही, कारण मधल्या काळात मोबाइल आला. 2015 मध्ये गुगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण देऊ केली, 2016 च्या सप्टेंबरात जिओने डेटा जवळजवळ फुकट केला, आणि घरोघरचे फोटो आपोआप वर जाऊ लागले. ती सवलत 1 जून 2021 रोजी संपली. तेव्हापासून 15 जीबीची मर्यादा भरली की पैसे भरा किंवा फोटो पुसा असा संदेश येतो. घरच्या सर्व्हरचा विचार मराठी तरुणांत पसरला तो प्रामुख्याने इथून पुढे.

अमडापूरसारख्या ठिकाणी ही पेटी उभी राहते ती बहुधा बाजूला पडलेल्या डेस्कटॉपवर. त्यात नव्या दोन सारख्या क्षमतेच्या डिस्क घालतात, कार्यप्रणालीसाठी एक छोटी एसएसडी, आणि वर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा फ्रीनॅसचा आजचा अवतार ट्रूनॅस. राउटरपासून पेटीपर्यंत वायफायपेक्षा केबल बरी. साध्या 100 मेगाबिट जोडणीवर 1 टीबी हलवायला हिशेबाने बावीस तास लागतात, गिगाबिट जोडणीवर सव्वादोन. प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडे जास्तच. जुना डेस्कटॉप 40 वॅट ओढत असेल तर वर्षाला सुमारे 350 युनिट वीज जाते, 10 वॅटच्या छोट्या बोर्डाला 90 च्या आत भागते. रोज रात्री एकदाच नक्कल व्हायची असेल तर पेटी रात्री दोन तास चालू करून बंद करण्याची सोयही असते आणि घरचे वीजबिल पाहणाऱ्याला ती लगेच पटते.

खरी परीक्षा विजेची. साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर सूत्रे हाती घेताना क्षणभर खंड पाडतो. पंख्याला तो कळत नाही, संगणकाला कळतो. म्हणून पेटीला स्वतंत्र यूपीएस लागतो, तोही यूएसबी तारेने पेटीशी जोडलेला, म्हणजे बॅटरी उतरू लागली की पेटी सगळे लिखाण पुरे करून स्वतः बंद होते. मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात तेव्हा धक्का वीजवाहिनीतून येतो तसाच इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतूनही येतो. अर्थिंग धड नसलेल्या घरात राउटर, पेटी आणि दोन्ही डिस्क एका झटक्यात गेल्याची उदाहरणे दुरुस्तीवाल्यांना ठाऊक असतात. बाकी एप्रिल-मेचे ऊन आणि कापसाच्या-मळणीच्या दिवसांतली धूळ. महिन्यातून एकदा ब्लोअर मारण्याला पर्याय नाही.

दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिणाऱ्या जोडीला नवखे लोक बॅकअप समजतात. ती नुसती आरशातली प्रतिमा असते. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे कुलूपबंद होते. यावर उपाय स्नॅपशॉटचा: ठरावीक वेळेला फायलींची स्थिती गोठवून ठेवायची आणि ती बदलण्याचा अधिकार रोजच्या संगणकाला द्यायचाच नाही. स्टुडिओत ‘परवाची जत्रेची शूटिंग पुसली गेली’ अशी वेळ आली की जोडी कामाला येत नाही, परवाचा स्नॅपशॉट येतो.

गावाबाहेरच्या प्रतीचा प्रश्न उरतोच. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक साधा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन तऱ्हांच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. 10 मेगाबिट वेगाने 1 टीबी वर चढवायला अखंड नऊ दिवसांहून जास्त लागतात, आणि अनेक जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसल्याने बाहेरून पेटीपर्यंत पोचण्यासाठी वायरगार्डसारखा खासगी बोगदाही बांधावा लागतो. त्यापेक्षा पहिली पूर्ण प्रत पोर्टेबल डिस्कवर भरून एसटीने चिखलीला किंवा खामगावला नातेवाइकाकडे नेऊन ठेवणे जलद पडते. नंतरचे रोजचे बदल आरसिंकने जातील, किंवा दोन डिस्क आलटून पालटून दर महिन्याला बदलता येतील.

बाहेर ठेवायची डिस्क सांकेतिक करूनच द्यावी, कारण तिच्यात लोकांच्या आधारची, बँकेच्या पासबुकांची, सातबाऱ्यांची चित्रे असतात. पण मग परवलीचा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. तो कागदावर लिहून खरेदीखत आणि विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवतात. आणि रुमाल उन्हात उलगडत तशी प्रतही उलगडून पाहावी लागते: तीन महिन्यांतून एकदा कोणतीही पाच-दहा फोल्डरे दुसऱ्याच संगणकावर परत उतरवून, जुन्या फॉन्टमधल्या एखाद्या फायलीसह, उघडून बघायची. हार्ड डिस्क सतत चालवली तर पाचेक वर्षांनी बदलायची तयारी ठेवतात. नवीवर सगळे उतरून तपासून झाल्याशिवाय जुनी पुसत नाहीत, आणि पुसल्याशिवाय ती भंगारवाल्याला देत नाहीत.